एका लिटरचे वाटेकरी

परभणीचं नाव देशभर पोहोचलं ते पेट्रोलच्या भावामुळे. सप्टेंबर 2018 मध्ये तिथल्या पंपांवर पेट्रोलने नव्वदी गाठली, तेव्हा राज्यातलं सर्वांत महाग पेट्रोल विकणारं शहर म्हणून परभणीची बातमी झाली. कारण विचारलं की पंपचालक अंतराकडे बोट दाखवत. इंधन येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, तीनशेहून अधिक किलोमीटर टँकर चालवून. ते खरंच आहे. पण टँकरच्या भाड्यामुळे परभणी आणि नाशिकच्या भावात थोडाबहुत फरक पडतो, इतकंच. दोन्ही शहरांतल्या माणसाच्या खिशातून खरी मोठी रक्कम जाते ती करापोटी. आणि ही रक्कम नक्की कोण घेतं, हे त्याला कोणीही सरळ सांगत नाही.

‘देशात कर भरतंय कोण? मूठभर लोक,’ हे वाक्य आयकराच्या चर्चेत नेहमी ऐकू येतं. ते अर्धवट आहे आणि अन्यायकारकही आहे. दुचाकीवर पाव-बटर घेऊन पहाटे फिरणारा विक्रेता आयकराचं विवरणपत्र भरत नसेल, पण गाडीत लिटरभर पेट्रोल टाकताना तो आलिशान मोटारीच्या मालकाइतकाच कर भरतो. लासलगावहून कांदा घेऊन निघालेल्या ट्रकच्या डिझेलवरचा कर शेवटी कांदा चिरणाऱ्या घरापर्यंत येतो. उत्पन्न कमी असेल तितका हा कर अधिक बोचतो. म्हणून त्याच्याबद्दलची चीड ही काही कर चुकवणाऱ्यांची तक्रार नव्हे. जो निमूटपणे भरत आला आहे, त्याची ही तक्रार आहे.

मे 2022 च्या अखेरीस केंद्राचा पेट्रोलवरचा कर लिटरमागे 19 रुपये 90 पैसे होता. त्याची फोड फारशी कोणी पाहिली नाही, पण सगळी मेख तिथेच आहे. मूळ उत्पादन शुल्क 1 रुपया 40 पैसे. विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क 11 रुपये. कृषी पायाभूत सुविधा उपकर अडीच रुपये. रस्ते व पायाभूत सुविधा उपकर 5 रुपये. राज्यघटनेच्या 270 व्या कलमानुसार केंद्राने गोळा केलेल्या करांतला ठरावीक हिस्सा राज्यांना मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो 41 टक्के ठरवला. मात्र उपकर आणि अधिभार या वाटपातून वगळलेले आहेत. विशेष अतिरिक्त शुल्कही त्यातच मोडतं. म्हणजे जवळपास वीस रुपयांपैकी वाटपाला येत होते ते फक्त 1 रुपया 40 पैसे. त्याचे 41 टक्के म्हणजे सुमारे 57 पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. त्या आयोगाने महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के ठरवला होता. त्या हिशेबाने महाराष्ट्राच्या पदरात लिटरमागे साधारण साडेतीन पैसे पडत होते.

हे एका रात्रीत झालेलं नाही. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात कृषी उपकर आला, तेव्हा ग्राहकावर नवा बोजा नाही, असं सांगितलं गेलं. ते खरंही होतं, कारण उपकर लावताना इतर शुल्कं तितकीच कमी केली गेली. पण कमी काय झालं? राज्यांना वाटा मिळणारं मूळ शुल्क 2 रुपये 98 पैशांवरून 1 रुपया 40 पैशांवर आलं. पंपावरचा भाव हलला नाही, म्हणून रस्त्यावर कोणी उतरलं नाही. राज्यांच्या तिजोरीतला वाटा मात्र निम्म्याहून खाली आला. राज्यं मग इंधनावरचा आपला व्हॅट (मूल्यवर्धित कर) का सोडत नाहीत, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

भाव न हलवता करात फेरफार करण्याचा आणखी मोठा प्रयोग त्याच्या आदल्या वर्षी झाला होता. एप्रिल 2020 मध्ये जग टाळेबंदीत होतं, कच्चं तेल कोणी घेईना. भारत विकत घेतो त्या तेलाचा सरासरी भाव त्या महिन्यात पिंपाला वीस डॉलरच्या आसपास आला. पंपावरचा भाव तेव्हा धाडकन खाली यायला हवा होता. तो आला नाही. मार्चमध्ये पेट्रोल-डिझेलवर लिटरला तीन रुपये आणि मे महिन्याच्या सुरुवातीला पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये इतकं शुल्क वाढलं. पेट्रोलवरचं केंद्रीय शुल्क 32 रुपये 98 पैशांवर गेलं. 2014 च्या सुरुवातीला तेच साडेनऊ रुपयांच्या आत होतं. महासाथीच्या काळात सरकारला पैशांची निकड होती, यात शंका नाही. पण घरी बसलेल्या, पगार कापला गेलेल्या माणसाकडून तो घेतला जातोय, हे त्याला तोंडावर सांगण्याचं धैर्य दाखवलं गेलं नाही.

पुढे कच्चं तेल महागलं, मे 2021 च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, आणि शुल्क कमी करा अशी मागणी जोर धरू लागली. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी उत्तर दिलं की, आधीच्या संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने काढलेल्या तेल रोख्यांची परतफेड करावी लागत असल्याने कर कमी करता येत नाही. रोखे होते, हे खरं. भाव कृत्रिमपणे कमी ठेवून त्याची किंमत पुढच्या सरकारांवर टाकणं ही त्या सरकारची चूकच होती. पण हिशेब मांडून पाहावा. रोख्यांची थकलेली मुद्दल सुमारे 1 लाख 30 हजार कोटी, वर्षाचं व्याज दहा हजार कोटींच्या घरात. आणि 2020-21 या एकाच वर्षात पेट्रोल-डिझेलवरच्या केंद्रीय शुल्कातून जमा झाले सुमारे 3 लाख 35 हजार कोटी. सगळे रोखे त्याच वर्षी फेडले असते तरी दोन लाख कोटी उरले असते. मागच्या सरकारच्या चुकीने आताच्या कराचं समर्थन होत नाही. सामान्य माणसाला मात्र वाहिन्यांवर तेवढीच चर्चा ऐकवली गेली: चूक त्यांची की यांची.

राज्याकडे पाहिलं तर चित्र वेगळं नाही. ऑक्टोबर 2015 मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने दुष्काळ निवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा बोजा टाकला. मराठवाडा होरपळत होता. त्या वर्षी कुणाही सुजाण माणसाने दोन रुपयांबद्दल कुरकुर केली नसती. पण पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी बोजा उतरला नाही. महामार्गांलगतची दारूची दुकानं बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि राज्याचा महसूल बुडाला. ती तूट भरून काढण्यासाठी त्याच महिन्यात पेट्रोलवरचा अधिभार लिटरला तीन रुपयांनी वाढला. नंतर न्यायालयानेच शहरी हद्दींपुरती ती अट सैल केली. पेट्रोलवरचा अधिभार त्याबरोबर परत फिरला नाही. जून 2020 मध्ये उद्धव ठाकरे सरकारने त्यात आणखी दोन रुपयांची भर घातली. सत्ता बदलली, पक्ष बदलले, अधिभार मात्र कायम राहिला.

यानंतरचा प्रसंग मुद्दाम तपशिलात पाहायला हवा. 27 एप्रिल 2022 रोजी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी महाराष्ट्रासह काही राज्यांची नावं घेऊन व्हॅट कमी करण्याचं आवाहन केलं. ठाकरे यांनी उलट उत्तर दिलं की, वस्तू व सेवा कराच्या भरपाईचे 26,500 कोटी रुपये केंद्राकडे थकले आहेत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. 21 मे रोजी केंद्राने पेट्रोलवर आठ आणि डिझेलवर सहा रुपयांची कपात जाहीर केली. दुसऱ्या दिवशी राज्य सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट 2 रुपये 8 पैशांनी आणि डिझेलवरचा 1 रुपया 44 पैशांनी कमी केल्याचं सांगितलं. आता साधा गुणाकार करावा. व्हॅट टक्क्यांत असतो आणि तो केंद्राच्या शुल्कासकट किमतीवर लागतो. मुंबई परिसरात तेव्हा पेट्रोलवर 26 टक्के आणि डिझेलवर 24 टक्के व्हॅट होता. आठ रुपयांचे 26 टक्के होतात 2 रुपये 8 पैसे. सहा रुपयांचे 24 टक्के, 1 रुपया 44 पैसे. जाहीर झालेली कपात या गुणाकाराशी पैशापर्यंत जुळते. केंद्राचं शुल्क घटल्यावर जे आपोआप कमी होणारच होतं, त्यालाच निर्णयाचं रूप देण्यात आलं. खरी कपात झाली ती सरकार बदलल्यावर जुलैमध्ये: पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये. तिजोरीवर वर्षाला सहा हजार कोटींचा भार पडेल, असं तेव्हा सांगण्यात आलं. म्हणजे इतकी कपात परवडत होती. मग ती एप्रिलमध्ये का परवडत नव्हती, याचं उत्तर महसुलाच्या वहीत सापडत नाही.

भाव बाजार ठरवतो, असं सांगितलं जातं. पेट्रोल जून 2010 मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झालं, जून 2017 पासून तर दर रोज बदलू लागले. तरीही नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात कच्चं तेल भडकत असताना 137 दिवस पंपावरचा भाव जागचा हलला नाही. त्या काळात उत्तर प्रदेश, पंजाब आणि इतर तीन राज्यांच्या निवडणुका होत्या. निकाल लागल्यावर काही दिवसांनी भाव हलू लागले आणि साधारण दोन आठवड्यांत लिटरमागे दहा रुपये वाढले. मार्च 2024 मध्ये लोकसभेच्या तारखा जाहीर होण्याच्या आदल्या दिवसापासून भाव दोन रुपयांनी उतरले.

विरोधी बाकांवर असताना प्रत्येक पक्षाला या करांचा जाच कळतो. नोव्हेंबर 1973 मध्ये अटलबिहारी वाजपेयी इंधन दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले होते. मे 2012 मध्ये पेट्रोल एकदम साडेसात रुपयांनी महागलं तेव्हा राष्ट्रीय लोकशाही आघाडीने भारत बंद पुकारला. सप्टेंबर 2018 मध्ये काँग्रेसने पुकारला. दोन्ही वेळा हातावर पोट असलेल्यांचा एक दिवसाचा रोजगार बुडाला.

हे भांडण किती खरं, याची परीक्षा 17 सप्टेंबर 2021 रोजी लखनौमध्ये झाली. घटनेच्या 279 अ कलमात तरतूद आहे की, पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा कराखाली कधीपासून आणायचं, त्या तारखेची शिफारस जीएसटी परिषदेने करावी. नवी घटनादुरुस्ती लागत नाही. केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे हा विषय परिषदेच्या 45 व्या बैठकीपुढे आला. केंद्र तिथे होतं, भाजपची राज्यं होती, काँग्रेसची होती, डावे होते, प्रादेशिक पक्ष होते. एकमेकांवर रोज आगपाखड करणाऱ्या या सगळ्यांनी मिळून ठरवलं की ही वेळ योग्य नाही. राज्यांची अडचण समजण्यासारखी आहे. जीएसटीनंतर त्यांच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे मोठे कर उरलेत ते मद्य, इंधन, मुद्रांक आणि वाहनांवरचे. पण ही अडचण लोकांसमोर मांडायची, की दुसऱ्याच्या नावाने शंख करायचा, यात फरक आहे.

उपकराचं नाव घेऊन गोळा केलेला पैसा त्याच कामी लागेल, याचीही खात्री नाही. जीएसटी भरपाई उपकराचे 47,272 कोटी रुपये 2017-18 आणि 2018-19 या दोन वर्षांत ठरलेल्या निधीत न जाता केंद्राच्या एकत्रित निधीत राहिले, असं महालेखापरीक्षकांनी नोंदवलं. हिशेबाचा ताळमेळ लागेपर्यंत पैसे तिथे होते, ते वळवलेले नाहीत, असं उत्तर अर्थ मंत्रालयाने दिलं.

महाराष्ट्राने याहून वेगळं वागून दाखवलं आहे. सांगली जिल्ह्यात विसापूरला 1965 साली वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात त्याची योजना झाली, आणि तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. आज नोकरदारांच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो हाच कर. शहरातल्या माणसाने पगारातून थोडं द्यायचं, त्यातून गावात बांधबंदिस्ती आणि रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुराची हजेरी भागायची, असा हा सरळ करार होता. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी तो मान्य केला. अंमलबजावणीत दोष राहिले, पुढे निधीचे पैसे पडून राहिल्याबद्दल टीकाही झाली. पण पैसा कशासाठी घेतला जातोय, हे देणाऱ्याला ठाऊक होतं आणि त्याचा जाब विचारायला जागा होती.

पेट्रोलच्या बाबतीत ती जागा मिळवायला फार काही लागत नाही. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असं सगळं वेगवेगळं छापलेलं असतं. हॉटेलच्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी दोन ओळींत दिसतो. पंपाच्या पावतीवर मात्र दर, लिटर आणि रक्कम एवढंच येतं. इंडियन ऑइल दिल्लीतल्या भावाची फोड नियमित प्रसिद्ध करते. म्हणजे आकडे तयार आहेत, पण परभणीच्या ग्राहकाला ते पावतीवर मिळत नाहीत. कंपनीचा मूळ भाव, केंद्राचं शुल्क आणि त्यातले उपकर, राज्याचा व्हॅट आणि अधिभार, पंपचालकाचं कमिशन, अशा मोजक्या ओळी छापायला कोणत्याही सरकारची हरकत असू नये. ग्राहक पंचायती, वाहतूकदारांच्या संघटना आणि शेतकरी संघटनांनी ही एक मागणी घेऊन राज्याच्या आणि केंद्राच्या अर्थमंत्र्यांकडे जावं, आणि अधिभार कोणत्या कारणासाठी व कोणत्या तारखेपर्यंत, हे अधिसूचनेतच लिहायला लावावं.