बुटात उरलेलं भात

पुण्याहून कोळवणला येणाऱ्याच्या नजरेला काय पडावं, हे आता बरंचसं ठरून गेलं आहे. पौडला मुख्य रस्ता सोडला की खोरं उघडतं. चिन्मय मिशनचं ‘चिन्मय विभूती’ लागतं, पुढे हाडशीचं मंदिर, आणि त्याही पुढे घाट ओलांडला की तिकोना. मध्ये फार्महाऊसच्या प्लॉटच्या पाट्या. वळकी नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेली भातखाचरं पावसाळ्यात फोटोपुरती हिरवी दिसतात आणि मग विसरली जातात. पण दिवाळीच्या पुढेमागे भात कापून, झोडून, उन्हात वाळवून पोत्यांत भरलं जातं आणि गिरणीकडे निघतं. तिथून पुढची हकीकत सहसा कुणी लिहीत नाही.

भातगिरणी म्हटलं की लोक सडणीबद्दल बोलतात. जुन्या काळचं उखळ-मुसळ, हातसडीचा तांदूळ, मग लोखंडी हलर, आता रबराच्या दोन रुळांचं यंत्र. हे रूळ शेजारी शेजारी पण वेगवेगळ्या गतीने फिरतात, मधून जाणारा दाणा दोन्हीकडून वेगळा ओढला जातो आणि तूस सुटतं. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण त्याच शेडमध्ये जमिनीपासून पत्र्यापर्यंत उभी असलेली पत्र्याची चौकोनी, अरुंद नळकांडी कुणाच्या लक्षात येत नाहीत. गिरणीतलं सगळं दळणवळण त्यांच्यातून चालतं. त्यांना एलिव्हेटर म्हणतात.

आत एक लांब पट्टा असतो, खाली एक पुली, वर एक पुली. पट्ट्यावर ठरावीक अंतराने छोट्या बकेटा बोल्टने आवळलेल्या. खालच्या पेटीला बूट म्हणतात. शेतकऱ्याचं पोतं जमिनीलगतच्या हॉपरमध्ये रिकामं होतं, भात घसरत बुटात येतं, बकेटा ते उपसत एका नळकांड्यातून वर जातात, माथ्यावर उलटतात आणि दुसऱ्या नळकांड्यातून रिकाम्या खाली येतात. विहिरीवरच्या रहाटगाडग्याचं काम हेच. फरक इतकाच की रहाट पाणी ओततो आणि एलिव्हेटर दाणे फेकतो.

या फेकण्यातच सगळी कला आहे. बकेट माथ्यावरून वळताना दाण्यावर दोन ओढी असतात. एक त्याच्या वजनाची, खाली खेचणारी, दुसरी फिरण्यामुळे बाहेर ढकलणारी. पट्टा फार सावकाश चालला तर दाणा तोंडापाशी पोचण्याआधीच बकेटीतून गळतो आणि उतरत्या नळकांड्यातून पुन्हा बुटात जातो. फार जोरात चालला तर वेळेआधी उडतो, माथ्याच्या पत्र्यावर आपटतो आणि फुटतो. पुलीच्या मध्यापासून बकेटीतल्या धान्यापर्यंतचं अंतर २० सेंटिमीटर धरलं, तर मिनिटाला साधारण ६७ फेऱ्यांना या दोन्ही ओढी माथ्यावर बरोबरीला येतात. यंत्र बनवणारे याच आकड्याच्या आसपास गती ठरवतात. गिरणी चालवणाऱ्याला हा हिशेब कागदावर मांडावा लागत नाही, त्याचा कान तो करतो. माथ्यावरून पडणाऱ्या भाताची सळसळ एकसारखी असली पाहिजे. उतरत्या नळकांड्याला बोटांची पेरं टेकवली आणि आतून टकटक लागली, की माल परत खाली पडतोय हे कळतं. मग पट्टा ढिला झालाय का, हे बघायला तो पान्हा घेतो.

लहान गिरणीतही असे दोन-तीन एलिव्हेटर असतात. एक भात चाळणीवर नेतो, एक रुळांवर, एक पॉलिशरकडे. रुळांतून न सोललेले सुटलेले दाणे वेगळे काढून पुन्हा वर पाठवावे लागतात, त्यामुळे एखादा हट्टी दाणा याच नळकांड्यातून दोन-तीनदा चढतो. वर नेण्याचं काम यंत्राचं, खाली आणण्याचं काम उताराचं. भाताची रास ओतली तर तिची बाजू साधारण ३६ अंशांवर थांबते, त्यामुळे खाली आणणारा पाइप यापेक्षा बराच उभा, निदान ४५ अंशांचा लागतो. आता साध्या पत्र्याच्या शेडची उंची पाच-सहा मीटर. त्यातच चाळणी, रूळ, पाखडणारा पंखा, पॉलिशर आणि त्यांना जोडणारे सगळे उतार बसवायचे. उंची कमी पडली की कुठलातरी पाइप आडवा होतो, आणि मग बरोबर तिथेच माल अडतो.

श्रमाचा हिशेब अधिक चकित करणारा आहे. तासाला १ टन भात ६ मीटर उंच चढवायचं, तर शुद्ध पदार्थविज्ञानाने लागणारी ताकद भरते फक्त १६ वॉटच्या आसपास. घरातल्या एका एलईडी बल्बाइतकी. प्रत्यक्षात मोटर अश्वशक्तीच्या मापाची, म्हणजे ७४६ वॉटच्या घरातली बसवावी लागते. कारण बकेटीला बुटातल्या ढिगातून स्वतःची वाट खणायची असते, बेअरिंगचं घर्षण असतं, आणि भरलेला पट्टा थांबलेल्या अवस्थेतून हलवायचा असतो. तरीही तुलना माणसाशी केली की यंत्राचं मोल समजतं. ५० किलोचं पोतं पाठीवर घेऊन शिडी चढणारा माणूस आपलं साठ किलोचं शरीरही दर खेपेला वर नेतो. एका टनाला अशा वीस खेपा. निम्म्याहून जास्त मेहनत स्वतःला उचलण्यात जाते आणि तिचा मोबदला कुणी मोजत नाही. ज्या पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना संघटित केलं, ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, तिथे दाणे वर नेणाऱ्या या पट्ट्याकडे निव्वळ यंत्र म्हणून बघता येत नाही. त्याच्यामुळे काही माणसांचे मणके वाचले आहेत.

हा पट्टा पिठाच्या गिरणीत आणला अमेरिकेतल्या ऑलिव्हर इव्हान्सने. त्याने डेलावेअरमध्ये अशी गिरणी उभी केली जिच्यात गहू एका टोकाला ओतला की बकेटांच्या पट्ट्याने चढत, आडव्या मळसूत्राने सरकत, माणसाचा हात न लागता दुसऱ्या टोकाला पीठ होऊन निघे. १७९० च्या डिसेंबरात त्याला अमेरिकेचं तिसरं पेटंट मिळालं, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननच्या आपल्या गिरणीत ही व्यवस्था बसवली. सुटा माल थांबता कामा नये, तो वाहत राहिला पाहिजे, हा इव्हान्सचा विचार तेव्हापासून सगळीकडे पसरला. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत चोथा बॉयलरकडे नेणारे कॅरिअर, औष्णिक वीजकेंद्रांतले कोळशाचे पट्टे, सिमेंट कारखान्यांतले उंच एलिव्हेटर ही सगळी त्याचीच भावंडं. कोळवणपासून फार लांब नसलेल्या पिंपरीत कोळसा आणि खनिजाचे डोंगर रचणारी व उपसणारी अजस्र यंत्रं बनतात. हरियाणातल्या कैथलच्या सायलोतून निघालेला गहू पोत्यात न भरता, सुटाच, रेल्वेच्या खास डब्यांतून नवी मुंबईपर्यंत येतो.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. माल एकाचा असतो. कैथलहून येणाऱ्या गव्हात कुठला दाणा कुणाच्या शेतातला, हे विचारायचं कारणच नसतं. कोळवण खोऱ्यातली गिरणी इथे वेगळी पडते आणि सगळी पंचाईत इथूनच सुरू होते.

इथे शेतकरी आपलं भात सडून परत घरी नेतो. वर्षाचं खाणं त्यातलं, लेकीकडे आणि पुण्यातल्या नातेवाइकांकडे जाणारं त्यातलंच, आणि उरलेलं ओळखीच्या गिऱ्हाइकांना. कुणाची चार पोती इंद्रायणी, कुणाची दोन आंबेमोहोर, कुणाचं कोलम. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेली इंद्रायणी ही आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आली. उत्पादन चांगलं, वास आहे, दाणा लांबट, म्हणून खाचरं तिने व्यापली. खरा आंबेमोहोर आखूड दाण्याचा, उंच वाढून वाऱ्यापावसात लोळणारा, कमी उतरणारा. म्हणूनच तो इंद्रायणीपेक्षा चढ्या भावाने जातो. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. आणि एलिव्हेटर मात्र कधीच पूर्ण रिकामा होत नाही.

बकेटीची कड बुटाच्या तळाला घासू नये म्हणून मध्ये थोडी फट ठेवावीच लागते. त्या फटीत, कोपऱ्यांत, पुलीच्या आजूबाजूला दर खेपेला दोन-चार किलो भात राहतं. मोठ्या गिरणीला त्याचं काहीच नाही, दिवसभरात ते पुढच्या मालात वाहून जातं. इथे मागच्याची इंद्रायणी पुढच्याच्या आंबेमोहोरात शिरते. दोन पोत्यांच्या धन्याला चार किलोची भेसळ म्हणजे शेकडा चार. ताटातल्या वासाआधी ती सुपातच दिसते, कारण लांबट दाणे आखूड दाण्यांत लपत नाहीत. पुण्याचं गिऱ्हाईक मूठभर तांदूळ तळहातावर पसरतं आणि विचारतं, ‘काकू, हा नक्की आंबेमोहोरच का?’ त्या प्रश्नावर शेतकरीणबाईंकडे उत्तर नसतं, आणि चूक त्यांची नसते.

म्हणून चांगल्या गिरणीवाल्याची ओळख बुटाशी बसल्यावर पटते. पाळी संपली की तो आधी हॉपर बंद करतो आणि पट्टा रिकामा फिरू देतो. माथ्यावरची सळसळ थांबली की मोटर बंद. मग बुटाच्या बाजूची सरकती झडप वर ओढून, खाली घमेलं लावून, हाताने आणि कुंच्याने उरलेलं भात बाहेर काढतो. हे भात ज्याचं त्याला, त्याच्या समोर. झडप नसलेल्या जुन्या बुटाचे चार बोल्ट दर वेळी खोलावे लागतात, आणि रांगेत पंधरा जण उभे असताना ते खोलले जात नाहीत. या कामाला गिरणीच्या दरात वेगळी जागा नाही. सडणावळ किलोमागे ठरते किंवा कोंडा गिरणीत ठेवून घेतला जातो. बूट झाडायची दहा मिनिटं कुणाच्याच खात्यावर पडत नाहीत. तरीही ती देणारे लोक आहेत. त्यांच्या कामाला कौशल्य म्हणायला हवं.

न झाडलेल्या बुटाचा त्रास वासापुरता नसतो. हंगाम संपल्यावर पावसाळाभर तिथे राहिलेल्या भातात सोंडे आणि पतंग वाढतात, आणि दिवाळीनंतरची पहिली पोती त्यांच्याच स्वागताला जातात. उंदरांनाही तो कोपरा पाठ असतो.

मग वीज. भरल्या बकेटा घेऊन पट्टा वर चढत असताना वीज गेली की एका बाजूला ओझं आणि दुसरी बाजू रिकामी. पट्टा उलटा फिरतो, सगळा माल धाडकन बुटात कोसळतो आणि खालच्या बकेटा त्यात गाडल्या जातात. वीज आल्यावर बटण दाबलं तर मोटर नुसती हुंकारते, पट्टा पुलीवर घसरतो, रबर जळल्याचा वास येतो. शेवटी बूट उघडून सगळं हातानेच उपसावं लागतं. चाक उलटं फिरू न देणारी एक साधी अडसर-यंत्रणा असते, पण ती बसवलेली असेलच याची खात्री नाही.

ओलाव्याचं दुखणं अलीकडे वाढलं आहे. भात सडायला दाण्यात १३-१४ टक्के ओल हवी. कापणीच्या दिवसांत परतीचा पाऊस रेंगाळला की खाचरात पसरलेलं पीक भिजतं, आणि घाईने वाळवलेलं भात गिरणीत येतं. ओला दाणा उतारावर घसरत नाही, पाइपात गच्च बसतो. मग हातोडीने पाइप ठोकणं आलं. गिरणीतला प्रत्येक पोचा असा एखाद्या ओल्या वर्षाचा असतो. शिवाय ओला दाणा रुळांत मऊ पडतो, अतिवाळलेला तडकतो, आणि दोन्हीत कणी वाढते.

तुसाची तऱ्हा निराळी. भाताच्या वजनाचा पाचवा हिस्सा तूस, इतकं हलकं की बकेट ते नीट फेकूच शकत नाही. ते पंख्याच्या वाऱ्याने पाइपातून बाहेर उडवतात. पण तुसात सिलिका भरपूर, म्हणजे वाळूचाच अंश. जिथे पाइप वळतो तिथला पत्रा आतून घासून घासून भोक पडतं. कुठे त्यावर रबराचा तुकडा बोल्टने आवळतात, कुठे नवा पत्रा मारतात. आणि गिरणीत काम करणारा माणूस तोच धुरळा श्वासातून घेतो, बहुतेक वेळा नाकाला नुसता रुमाल बांधून. धान्याची धूळ किती घातक ठरू शकते, याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत लुइझियानातल्या वेस्टवेगो इथलं. डिसेंबर १९७७ मध्ये तिथल्या प्रचंड धान्य-एलिव्हेटरमध्ये धुळीचा स्फोट होऊन ३६ माणसं गेली. उघड्या शेडमधल्या लहान गिरणीत तसला धोका फार कमी, पण फुफ्फुसांचा धोका रोजचा आहे. उघड्या पुलीत पदराचं किंवा ओढणीचं टोक अडकण्याचा धोकाही रोजचाच, आणि त्यावर जाळी बसवायला फार खर्च येत नाही.

या अडचणींना कंटाळून एक पळवाट निघाली आहे. घरच्या विजेवर चालणारी छोटी गिरणी, जिच्यात एलिव्हेटरच नाही. घमेल्याने वरून भात ओतायचं, खालून तांदूळ घ्यायचा. दुसऱ्याचं भात मिसळण्याचा प्रश्न तिथे मुळातच संपतो. पण अशा अनेक यंत्रांत सोलणं आणि घासणं एकाच दमात होतं, त्यामुळे कणी जास्त निघते, आणि घमेलं पुन्हा डोक्याच्या उंचीवर नेण्याचं काम बहुधा घरातल्या बाईकडे येतं. जे ओझं पट्ट्याने उचललं होतं, ते परत खांद्यावर.

मोठ्या गिरणीला टिकायचं तर भात पुरेसं यायला हवं. वर्षातले चार-एक महिने चालणाऱ्या यंत्राचं कर्ज बाराही महिने फेडायचं असतं. पण इथली खाचरंच कमी होत आली आहेत. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या साथीने मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा पाण्याखाली चालली होती ती भाताचीच खाचरं. आज कोळवणकडे जाताना खाचरांना कुंपणं पडलेली दिसतात, बांध सपाट होतात, आणि त्या खाचराचं भात गिरणीपर्यंत पोचत नाही. आंबेमोहोर लावणारी घरं त्यातूनही थोडी. त्यांची पोती थोडी, म्हणून त्यांच्यासाठी बूट झाडण्याचा खटाटोप गिरणीला परवडत नाही. बूट झाडला नाही तर त्यांचा तांदूळ भेसळीचा ठरतो, भाव पडतो आणि पुढच्या वर्षी तेही इंद्रायणी लावतात.

यावर तोडगा स्वस्त आहे: तळाला सरकती झडप, पट्ट्याला उलटं न फिरू देणारा अडसर, आणि वाणाप्रमाणे ठरलेले दिवस. यातलं काहीच नसेल तर निदान एवढं करता येतं: बूट रात्री झाडून ठेवायचा आणि सकाळचा पहिला नंबर आंबेमोहोरवाल्यांना द्यायचा, मग पोती दोनच का असेनात.