बागेपर्यंतची वाट

रोज सकाळी नियमाने बागेत जाणारे आजोबा एके दिवशी जाणे थांबवतात. विचारले, तर 'गुडघे दुखतात' एवढेच सांगतात. वय झाले, असे समजून आपणही तो विषय सोडून देतो. परंतु थोडे खोदून विचारावे. पुष्कळदा खरे कारण गुडघ्यात नसते, रस्त्यात असते.

रस्ता ओलांडण्याचेच उदाहरण घ्या. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरतात. या वेगाने १५ मीटर रुंदीचा रस्ता साडेबारा सेकंदांत पार होतो. काठी टेकत सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या व्यक्तीला मात्र जवळजवळ १९ सेकंद लागतात. दिवा बदलतो, तेव्हा ती रस्त्याच्या मध्येच असते. सिंगापूरने २००९ पासून यावर एक सोपा उपाय योजला आहे. ज्येष्ठांनी आपले सवलतीचे कार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्राला लावले, की पादचाऱ्यांचा हिरवा दिवा काही सेकंद अधिक राहतो.

पदपथाविषयी आपल्याकडेही नियम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट असावी आणि त्याची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी. प्रत्यक्षात उंच कडा, उखडलेल्या फरश्या आणि उभ्या दुचाकी यांमुळे वृद्धांना वाहनांच्या गर्दीत उतरावे लागते. वाटेत बाकडे नसेल, तर दम लागणाऱ्याने टेकावे कोठे? स्वच्छतागृह नसेल, तर वारंवार लघवीला जावे लागणारी व्यक्ती पाणी कमी पिते किंवा घराबाहेर पडणेच टाळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत बाकडी आणि स्वच्छतागृहे यांचा आवर्जून समावेश केला, तो यासाठीच.

चालणे थांबले, की पायांचे स्नायू दुर्बल होतात आणि तोल सांभाळणे अवघड जाते. ज्या पडण्याच्या भीतीने माणूस घरात बसतो, ते पडणे मग घरातच त्याला गाठते. सकाळचे ऊन आणि समवयस्कांशी होणाऱ्या गप्पाही त्याला अंतरतात.

म्हणून, काळजीवाहकांनो, एखाद्या रविवारी आजी-आजोबांबरोबर त्यांच्याच गतीने बागेपर्यंत चालून पाहा. त्यांची पावले कोठे अडखळतात, कोठे बसावेसे वाटते, याची नोंद करा. थोडी लांबची परंतु सुरक्षित वाट सापडली, तर तीच धरा. ओळखीच्या दुकानदाराने दोन मिनिटे खुर्ची दिली, तरी मोठा आधार होतो. अडचणीच्या जागांची छायाचित्रे जोडून प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. चालताना चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्येष्ठ वाचकहो, रस्ता ओलांडताना भीती वाटते, हे घरच्यांना सांगण्यात कमीपणा मानू नका. आपण सांगितले, तरच त्यांना ते कळेल.