भूल, वार्धक्य आणि स्मृती

पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. क्लोरोफॉर्मची भूल, मध्येच गेलेली वीज आणि कर्नल मॅडॉक यांनी कंदिलाच्या उजेडात तडीस नेलेले काम ही हकीकत सुपरिचित आहे. येरवड्याच्या त्या चौपन्न वर्षांच्या कैद्याची बुद्धी पुढेही चोवीस वर्षे तल्लख राहिली. एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे खरे. परंतु तीच चूक आज उलट दिशेने घडते. शेजारच्या आजोबांना भूल दिली आणि त्यांची स्मृती गेली, एवढ्या ऐकीव गोष्टीवरून खुब्याचे हाड मोडलेल्या आजींची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली जाते.

ही भीती अगदीच निराधार नव्हे. १९५५ साली बेडफर्ड यांनी 'लॅन्सेट'मधून वृद्धांच्या मेंदूवरील भुलीच्या दुष्परिणामांविषयी इशारा दिला होता. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत साठीच्या पुढील सुमारे २६ टक्के रुग्णांची आकलनशक्ती शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने मंदावलेली आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण १० टक्क्यांवर उतरले.

मात्र दोष एकट्या भुलीचा काय? तसे असते, तर पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया झालेले रुग्ण सुरक्षित राहिले असते. अमेरिका व कॅनडातील खुब्याच्या १६०० रुग्णांची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत भ्रमाचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे एकपंचमांश निघाले. पूर्ण भुलीमुळे कायमचा स्मृतिभ्रंश जडतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही. शस्त्रक्रियेचा ताण, वेदना, निद्रानाश, जंतुसंसर्ग आणि आधीपासून नकळत सुरू झालेला मेंदूचा आजार यांचाही त्यात वाटा असतो.

तात्पुरता भ्रम आणि स्मृतिभ्रंश या भिन्न गोष्टी होत. भ्रम काही तासांत उद्भवतो व कमीजास्त होत राहतो. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. तथापि भ्रम क्षुल्लक नव्हे. तो झालेल्यांत पुढे स्मृती ढासळण्याचे प्रमाण अधिक दिसते, म्हणून तो टाळणे अगत्याचे.

उपाय महागडे नाहीत. शुद्धीवर येताच चष्मा व कर्णयंत्र हाती द्यावे, रात्री झोप मिळू द्यावी, लवकर उठवून बसवावे, ओळखीचे माणूस उशाशी असावे. झोपेच्या गोळ्यांची व पूर्वीच्या विसराळूपणाची माहिती भूलतज्ज्ञाला आधीच द्यावी. मुले परदेशी आणि आईवडील कोथरूडला, अशा घरांत हे उशाशी बसणेच दुर्मीळ झाले आहे. तेथे रुग्णालयांनी ही उणीव भरून काढली पाहिजे.

खुबा मोडलेला वृद्ध अंथरुणाला खिळला, तर शय्याव्रण आणि न्यूमोनिया वाट पाहत नाहीत. भुलीच्या भयाने शस्त्रक्रिया नाकारणे म्हणजे संशयित संकट टाळण्यासाठी निश्चित संकट ओढवून घेणे होय.