विश्लेषण : सोसायटीची खतावणी ‘क्लाउड’वर, पाटणच्या शेतकऱ्याला फायदा काय, धोका कुठे?

पाटण तालुक्यातील शेतकऱ्याला पीककर्ज हवे असेल तर पहिली पायरी गावची विकास सेवा सोसायटी. तिला पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून आणि बँकेला राज्य सहकारी बँकेकडून मिळतो. बँकांचे व्यवहार कधीच संगणकावर गेले. सोसायटीचा हिशेब मात्र बराच काळ किर्द-खतावणीत राहिला. हीच कडी आता देशव्यापी सामाईक यंत्रणेला जोडली जात आहे.

योजना काय आहे?

प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या (पॅक्स) संगणकीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 रोजी मंजुरी दिली. सुरुवातीचे लक्ष्य 63 हजार संस्थांचे आणि खर्च 2,516 कोटी रुपयांचा होता. अंमलबजावणी नाबार्डमार्फत होते. संस्थेला संगणक, प्रशिक्षण आणि जुन्या नोंदी डिजिटल करण्यासाठी मदत मिळते. सॉफ्टवेअर सर्वांसाठी एकच असून माहितीचा साठा आणि सायबर सुरक्षेची सोय त्यातच आहे.

एकच यंत्रणा कशासाठी?

काहीशे सभासदांच्या सोसायटीला स्वतःचा सर्व्हर, बॅकअप आणि सुरक्षा तज्ज्ञ परवडणारा नाही. हजारो संस्थांनी खर्च वाटून घेतला तर परवडतो. शिवाय डोंगरी भागात कागद सुरक्षित राहीलच असे नाही. जुलै 2021च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीत कार्यालयाचे नुकसान झाले तरी दूरच्या डेटा सेंटरमधील नोंद शाबूत राहते.

शेतकऱ्याला काय मिळणार?

मुदतीत परतफेड केल्यास केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्के व्याजाने पडते. म्हणजे भरणा कोणत्या तारखेला नोंदला गेला, यावर पैसा अवलंबून आहे. कर्जमाफीच्या याद्याही याच नोंदींवर तयार होतात. नोंद त्या दिवशीच झाली आणि ती बँकेला दिसली, तर वाद कमी होतील. मागच्या तारखेची नोंद किंवा परस्पर खाडाखोड करणेही अवघड होते.

मग धोका कुठे?

सामाईक यंत्रणा बिघडली तर फटकाही सामाईक बसतो. 31 जुलै 2024 रोजी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज कंपनीवर रॅन्समवेअर हल्ल्याचे सावट आले. एनपीसीआयने खबरदारी म्हणून कंपनीला किरकोळ पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसह अनेक व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर चोरांनी सुमारे 94 कोटी रुपये लांबवले होते.

दुसरा धोका गावातच आहे. डेटा सेंटरला कितीही कुलपे लावली तरी सचिवांचा पासवर्ड टेबलावरच्या चिठ्ठीवर असेल, किंवा एकच लॉगिन तिघे वापरत असतील, तर सुरक्षा तिथेच संपते. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने मंजूर करण्याची पद्धत काटेकोर पाळली पाहिजे. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क गेल्यावर भरणा कसा घ्यायचा, पावती कशी द्यायची, हेही आधीच ठरलेले हवे.

सभासदाने काय करावे?

• भरणा केल्यावर छापील पावती घ्या. तारीख आणि रक्कम तिथेच तपासा.
• खतावणीतील जुनी बाकी संगणकावर चढली की उतारा मागा. आकडा चुकला असेल तर लेखी हरकत द्या. सुरुवातीची चूक पुढच्या प्रत्येक हिशेबात येत राहते.
• बँक खात्याशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू ठेवा. ओटीपी कोणालाही, ओळखीच्या माणसालाही सांगू नका.
• खात्यातून परस्पर पैसे गेले तर लगेच 1930 वर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा.
• वार्षिक सभेत विचारा : लॉगिन कोणाकोणाकडे आहे, आणि यंत्रणा बंद पडली तर सोय काय?