तीन चोरांतला मधला

तेंदूपत्त्याच्या हंगामात, मे महिन्यात, आलापल्लीकडे रात्री अंगणात बाज टाकून पडलं की उत्तरेला आकाशातही एक बाज दिसते. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला टपलेले चोर, असं गोंड गावांत सांगतात. मधल्या चोराला चिकटून एक बारका तारा आहे. तो चोर म्हणजे आपला वसिष्ठ आणि बारका तारा म्हणजे लग्नात नवरीला दाखवतात ती अरुंधती.

दोघांत अंतर 12 कलांचं. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. चांगली नजर एका कलेपर्यंत फरक ओळखते, म्हणून ही जोडी नुसत्या डोळ्यांनी सुटते. पण वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे आणि त्यातल्या दोन ताऱ्यांत जेमतेम 14 विकला, म्हणजे पाव कलेहूनही कमी अंतर. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. 1617 साली गॅलिलिओ आणि त्याचा शिष्य कास्तेल्ली यांना ते दुर्बिणीतून वेगळे दिसले.

डोळ्याला जमलं नाही ते दुर्बिणीला जमतं, ते तिचं तोंड रुंद म्हणून. प्रकाश ही लाट आहे. भिंगातून येताना ती थोडी पसरते आणि ताऱ्याचा ठिपका न पडता बारीक चकती पडते. भिंग जितकं रुंद, तितकी चकती लहान. दोन चकत्या एकमेकींत मिसळल्या की कितीही पट मोठं करा, डागच मोठा होतो. हिशेब सोपा आहे: 116 ला भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, की सुटू शकणारं कमीत कमी अंतर विकलांत मिळतं. 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीला सुमारे 2 विकला येतात.

आता नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घ्या. 45 मीटरच्या 30 तबकड्या, पसारा 25 किलोमीटर. 21 सेंटिमीटरच्या रेडिओलहरींवर तिची मर्यादाही साधारण 2 विकलाच! कारण प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी, आणि ही वीतभर.

रुंदीलाही अडवणारी एक गोष्ट आहे, हवा. गिरवलीची, आयुका या खगोलसंस्थेची 2 मीटरची दुर्बीण हिशेबाने विकलेच्या सतराव्या भागापर्यंत पोचायला हवी. पण हवेची थरथर ताऱ्याला विकलाभर तरी पसरवते. आलापल्लीचा अंधार फिके तारे दाखवतो. जवळचे तारे सुटायला हवा शांत लागते.

म्हणून मुलांसाठी दुर्बीण घ्याल तेव्हा ती किती पट मोठं दाखवते, हे विचारू नका. भिंग किती मिलिमीटरचं, एवढंच विचारा.