सकाळी खोकणारी गाडी

थंडीत आमची जुनी पेट्रोल गाडी सकाळी सुरू होताना अडखळायची, धूर ओकायची. दोन मिनिटांनी शहाण्यासारखी चालायची. गॅरेजवाल्याने दोनदा प्लग बदलले. "थंडीमुळे होतं, ताई," म्हणाला.

मैत्रिणींनो, मग मीच धुराकडे लक्ष ठेवलं. नुसती पातळ वाफ असेल आणि लगेच विरत असेल तर काळजी नको. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, बहुधा व्हॉल्व्हची सीलं झिजलेली. आमचा पांढरा, दाट, किंचित गोडसर वासाचा! (मुद्दाम हुंगू नका हं, धूर विषारीच.) कूलंटच्या बाटलीवर, इंजिन गार असताना, खूण केली. आठवड्यात पातळी बोटभर उतरली, जमिनीवर मात्र थेंब नाही. मग गेलं कुठं? रात्रभर हेड गॅसकेटमधून झिरपून सिलिंडरमध्ये! तिथला प्लग ओला, म्हणून अडखळणं.

ह्यांना बजावलं, "आता गाडी हलवायची नाही." इंजिन तापून हेड वाकलं तर खर्च कुठल्या कुठे जातो. गॅरेजवाल्याने घरी येऊन प्रेशर लावून पाहिलं, अन् मुकाट्याने गॅसकेट बदललं.

बिलात माझे पडद्यांसाठी साठवलेले पैसे गेले. पडदे अजून जुनेच आहेत.