फाइल पोचली, पण पूर्ण पोचली का?

संगणकांमध्ये फाइली पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीचा पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय अभियंत्याने लिहिला. आज कंपनीची पगाराची फाइल बँकेकडे आपोआप जाते. पण मध्येच नेटवर्क तुटले, तर बँकेची प्रणाली अर्धीच फाइल पूर्ण समजून वाचू शकते. म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने पाठवावी आणि शेवटचा बाइट पोचल्यावरच तिला खरे नाव द्यावे. पलीकडच्या प्रणालीने खऱ्या नावाचीच फाइल उचलावी.

दुसरी खबरदारी चेकसमची, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाची. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा काढते. एक अंक बदलला, तरी ठसा पार बदलतो. दोन्हीकडचे ठसे जुळले, तरच फाइल स्वीकारावी.

सर्वांत फसवा धोका पोचपावतीचा. फाइल पोचली, पण पावती वाटेत हरवली, तर पाठवणारा संगणक तीच फाइल पुन्हा पाठवतो आणि पगार दोनदा जमा होऊ शकतो. त्यासाठी प्रत्येक फाइलला स्वतंत्र क्रमांक हवा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर बँकेने रक्कम जमा न करता फक्त पावती द्यावी.

नेटवर्क कधीतरी तुटणारच, हे गृहीत धरून उभारलेली यंत्रणाच भरवशाची असते.